दारात उभ्या गाडीचा टोल



गेल्या आठवड्यात या पानावर आपण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर का जळतो ते पाहिले. आज दुसराच विषय घ्यावा लागतो आहे, कारण एका भगिनीचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. त्या लिहितात:

“आमची माल वाहायची पिकअप आहे. परवा दुपारी गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती. घरधनी जेवायला बसले होते. तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला की टोलचे पैसे कापले. गाडी दारात आणि टोल नाक्यावर, हे कसे? काचेवरची ती पट्टी घरबसल्या पैसे कापते काय? सासूबाई म्हणतात, खरवडून टाका ती. काय करावे ते कळवा.”

ताई, पट्टी खरवडू नका. सासूबाईंना मात्र माझा नमस्कार सांगा. त्यांची शंका खुळेपणाची मुळीच नाही. जी वस्तू आपल्या खिशातले पैसे काढते ती कशी चालते, हे विचारायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला आहे. तेव्हा आधी ही पट्टी बोलते कशी ते पाहू. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

या पट्टीला फास्टॅग म्हणतात. उन्हात धरून पाहिली तर कागदाच्या पोटात धातूची पातळ नक्षी दिसते. ती तिची एरियल. नक्षीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा एक तुकडा असतो. तो तिचा मेंदू म्हणा. बस, एवढेच. पट्टीत सेल नाही, बॅटरी नाही, तार नाही. मग ती बोलते कशाच्या जोरावर?

लहानपणी आरशाचा तुकडा घेऊन तुम्ही कवडसा पाडला असेल. ऊन सूर्याचे, आरसा आपला. आरशापुढे हात आडवा धरला की कवडसा विझतो, हात काढला की पुन्हा लागतो. पलीकडच्या बांधावरच्या सोबत्याशी आधी ठरवून ठेवले असेल, की दोनदा चमकले म्हणजे भाकरी आली, तीनदा चमकले म्हणजे मास्तर आले, तर एक शब्द न बोलता निरोप पोचतो. दिवा पेटवावा लागत नाही की तेल जाळावे लागत नाही.

फास्टॅगचे काम अगदी असेच आहे. टोलनाक्यावर डोक्याच्या वर एक चौकोनी पेटी बसवलेली असते. तिच्यातून रेडिओच्या लहरी खाली पडत असतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, एवढाच उन्हाशी फरक. सेकंदाला साडेशहाऐंशी कोटींच्या आसपास हेलकावे, असा त्यांचा वेग. तंत्रज्ञ त्याला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ म्हणतात. गाडी पेटीखाली आली की या लहरी काचेवरच्या पट्टीवर पडतात. त्यांच्याच थोड्याशा जोरावर तो इवला तुकडा जागा होतो आणि आरशापुढे हात हलवावा तशी परत जाणारी लहर कमीजास्त करतो. पेटी ती कमीजास्त मोजते आणि त्यातून पट्टीचा क्रमांक वाचते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सगळे उरकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की पट्टी आपण होऊन कधीच बोलत नाही. कोणी लहरींचा उजेड पाडला तरच ती चमकणार. दुसरी ही की तिचा कवडसा लांब जात नाही. पंधरा-वीस हातांपलीकडे तो मंद होऊन विरून जातो. तेव्हा ताई, लिंबाखाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीने नाक्याशी बोलणे केले, हे घडणे शक्य नाही. पट्टी निर्दोष आहे.

मौज अशी की या पट्टीचे कूळ शोधत गेलो तर ते गोठ्यात सापडते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामोस नावाची प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पहिला अणुबॉम्ब तयार झाला तीच. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही शास्त्रज्ञांकडे शेतीखात्याचे एक काम आले. मोठ्या कळपात कोणत्या गाईला औषध दिले आणि कोणती राहिली याचा घोळ होई, एकाच गाईला दोनदा औषध जाई. गाय धरून न ठेवता दुरूनच तिचा क्रमांक कळावा आणि जमल्यास अंगातला तापही कळावा, अशी सोय हवी होती. त्या शास्त्रज्ञांनी परत जाणारी लहर कमीजास्त करण्याची युक्ती वापरली आणि १९७५ साली त्यावर निबंध छापला. पुढे त्यांच्यातल्या काहींनी कंपनी काढली. गाईऐवजी मोटार आली, आणि १९८९ साली टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या टोलरस्त्यावर अशी पट्टी लावलेल्या गाड्या धावू लागल्या.

आपल्याकडे जनावरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारतात, तो तुमच्या गोठ्यातही असेल. तो डोळ्यांनी किंवा मोबाईलने वाचावा लागतो, त्यात लहरी नाहीत. पण हेतू तोच आहे. बिल्ल्यात दूध नसते, औषध नसते, फक्त क्रमांक असतो. बाकीचा हिशेब दुसरीकडे. फास्टॅगचेही तसेच आहे.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण पुष्कळांची गैरसमजूत इथेच होते. लोकांना वाटते पट्टीत पैसे भरलेले असतात. पट्टीत एक पैसाही नसतो. सकाळी तुम्ही दूध संस्थेत किटली घेऊन जाता आणि सभासद क्रमांक सांगता. पैसे त्या क्रमांकात असतात काय? नाही. ते सचिवाच्या वहीत मांडलेले असतात. पट्टी केवळ सभासद क्रमांक सांगते. नाक्यावरचा संगणक तो क्रमांक आपल्या बँकेला कळवतो. तिथून तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जातो. ही पट्टी कोणत्या बँकेची, गाडी कोणत्या जातीची, ते तिथे पाहतात आणि तुमच्या बँकेला सांगतात. ती बँक तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते आणि मग तुमच्या मोबाईलवर निरोप येतो.

म्हणजे काचेपासून पेटीपर्यंतचा प्रवास लहरींचा, आणि तो सहसा चुकत नाही. त्यापुढचा सारा प्रवास हिशेबाचा आहे. आणि हिशेब म्हटला की चूक आलीच.

आता तुमच्या अंगणातल्या कोड्याकडे वळू. असे घडायला मुख्यतः तीन कारणे असतात.

पहिले कारण, निरोपाचा उशीर. नाक्यावरचा संगणक बंद पडला किंवा रेंज नसली तर सकाळी ओलांडलेल्या नाक्याचा हिशेब दुपारी पोचतो, कधी दुसऱ्या दिवशीही. निरोप कधी आला हे पाहू नका. नाका कधी ओलांडला ती वेळ आणि नाक्याचे नाव पाहा. त्या दिवशी पहाटे गाडी बाजारात जाऊन आली असेल तर कोडे तिथेच सुटले.

दुसरे कारण, हाताने टाकलेला नंबर. एखाद्या गाडीची पट्टी वाचली गेली नाही तर खिडकीतला माणूस तिच्या पाटीवरचा नंबर हाताने टाकतो. मागे रांग लागलेली, भोंगे वाजताहेत, अशा घाईत एक आकडा चुकला की दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून पैसे जातात. बहुधा तुमच्या बाबतीत हेच झाले असावे. अशा चुकांबद्दल टोल चालवणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दंडही केलेले आहेत. तेव्हा तक्रार करताना भीड बाळगू नका.

तिसरे कारण आपल्याच घरचे. जुनी गाडी विकली, पण पट्टी तिच्या काचेवर तशीच राहिली. घेणारा खुशाल फिरतो आणि पैसे आपले जातात. निरोपात गाडीचा नंबर असतो, तो नव्या गाडीचा आहे की विकलेल्या, ते वाचा. बैल विकताना आपण दावे काढून घेतो. गाडी विकताना पट्टीचे खाते बँकेत लेखी बंद करून घ्यावे. काच फुटून बदलली तरी नवी पट्टी घ्यावी आणि जुनी बंद करावी. एका गाडीला एकच पट्टी, असा नियम आहे.

तक्रार कुठे करायची? ज्या बँकेची पट्टी, तिच्याकडे पहिली. निरोप पुसू नका, तो दाखवा. त्या दिवशी गाडी कुठे होती ते सांगा, आणि त्या वेळी नाक्यावर टिपलेला गाडीचा फोटो मागा. फोटोतली गाडी तुमची नसेल तर वाद उरत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्याबद्दल १०३३ या क्रमांकावरही तक्रार सांगता येते. मात्र बँकेचा फोन नंबर मोबाईलवर शोधून लावू नका. ठकसेन लोक खोटे नंबर पसरवून बसलेले असतात. पासबुकावर किंवा शाखेच्या फलकावर असेल तोच नंबर खरा. आणि ओटीपी म्हणतात तो आकडा पलीकडच्या माणसाला सांगू नका, तो कितीही गोड बोलला तरी.

इथे माझीच एक फजिती सांगतो. मागे एकदा पुतण्याबरोबर टोमॅटोचे कॅरेट घेऊन रात्रीचा निघालो होतो. पहाटे तीनच्या सुमारास एका नाक्यावर फाटक उघडेना. गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पेटी आपली गप्प. खिडकीतला माणूस म्हणाला, “तुमची पट्टी खराब आहे, रोख दुप्पट भरा.” पुतण्याने मोबाईल काढून खात्यात पैसे आहेत ते दाखवले. त्याने मान हलवली. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते, बाजार गाठायचा होता. मी म्हटले, जाऊ दे बाबा, भर. भरले. पुढच्या नाक्यावर तीच पट्टी, तीच काच, आणि फाटक झटकन वर गेले! पट्टी धडधाकट होती, बिघाड आधीच्या नाक्याच्या पेटीत होता. त्या दिवशी भावही पडलेला. दोन कॅरेटचे पैसे त्या खिडकीत गेले असा आम्ही हिशेब केला, आणि परतीच्या वाटेवर काका-पुतणे फारसे बोललो नाही.

नियम काय आहे तो मला पुढे कळला. तो मे २०१८ मध्येच निघाला होता. पट्टी चालू आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत, आणि नाक्यावरचे यंत्र बिघडल्यामुळे टोल कापता येत नाही, असे असेल तर राष्ट्रीय महामार्गावर त्या गाडीला पैसे न घेता सोडले पाहिजे, आणि शून्य रकमेची पावतीही दिली पाहिजे. हे मला त्या पहाटे ठाऊक असते तर मी दोन वाक्ये बोललो असतो: “हातातल्या यंत्राने पट्टी वाचून पाहा. नाही वाचली तर शून्याची पावती द्या.” तुम्ही ही दोन वाक्ये गाडी चालवणाऱ्या मुलाला पाठ करायला लावा. भांडण नको, आवाज चढवायला नको, पण माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांच्याशी खिडकी वेगवेगळे बोलते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. खोट आपली असेल तर भुर्दंड आपल्याला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो नसेल तर दुप्पट टोल सुरू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात थोडा फरक झाला. पट्टी नसलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीने रोख दिले तर दुप्पट, पण मोबाईलवरून यूपीआयने दिले तर सव्वापट, असा नियम आला. शंभराचा टोल रोखीने दोनशे, यूपीआयने सव्वाशे. आपल्या राज्याच्या रस्त्यांवरच्या टोलनाक्यांनाही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा केला गेला. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून लांबच्या फेरीला निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पैसे संपले की बँक त्या क्रमांकावर खूण करते आणि नाक्यावर पट्टी नाकारली जाते. पट्टी बोलते, पण वहीत नाव कापलेले असते. बहुतेक राष्ट्रीय महामार्गांवर ही खूण ताजी ताजी कळते. काही जुन्या पद्धतीच्या नाक्यांवर मात्र नावांची यादी ठराविक वेळानेच बदलते. रांगेत उभे राहून पैसे भरले तरी तिथे ते लगेच दिसतील याचा भरवसा नाही. गाडीत डिझेल आपण घाटाच्या पायथ्याशी पाहतो की निघण्यापूर्वी? पट्टीचे पैसेही निघण्यापूर्वीच पाहावेत.

पट्टी जपायची ती अशी. ती काचेला आतून, वरच्या बाजूला मधोमध, पक्की चिकटवावी. लोखंडी चौकटीला खेटून लावू नये. लहरींना धातूचे वावडे आहे, म्हणून तिच्यापुढे पत्र्याची तसबीर किंवा चकाकता चंदेरी कागद नको. दसऱ्याला पूजा करताना बाहेरून काच धुतली, हळदकुंकू लागले, झेंडूची माळ घातली, तर काही बिघडत नाही. पण आतून ओल्या फडक्याने घासू नका आणि काढून दुसऱ्या गाडीला लावू नका. सोलताना ती धातूची नक्षी तुटते आणि पट्टी मेली म्हणून समजा. न चिकटवता हातात धरून दाखवण्याची काहींना खोड असते. अशा सुट्या पट्ट्या बंद करण्याचा निर्णय प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये घेतला आहे.

ट्रॅक्टरवाले विचारतील, आमचे काय? राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनियमांत ट्रॅक्टर, बैलगाडी, दुचाकी आणि तीनचाकी यांना टोल नाही. मात्र जिथे बाजूचा सेवारस्ता किंवा दुसरा रस्ता दिलेला आहे, तिथे ट्रॅक्टर आणि बैलगाडी मुख्य रस्त्यावर आणायची नाही. समृद्धी महामार्गावर तर ट्रॅक्टर आणि दुचाकी यांना मुळातच मज्जाव आहे. आणखी एक. १५ ऑगस्ट २०२५ पासून वर्षाचा पास निघाला. सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांतले जे आधी संपेल तोवर, अशी सवलत होती. पण तो पास घरगुती मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. मालवाहू पिकअपला तो चालत नाही. कोणी एजंट “देतो मिळवून” म्हणाला तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

सासूबाईंच्या मनात आणखी एक भीती असेल, कारण ती गावोगाव फिरली आहे. जून २०२२ मध्ये मोबाईलवर एक चित्रफीत पसरली होती. सिग्नलवर काच पुसणारा पोरगा मनगटातले घड्याळ पट्टीवरून फिरवतो आणि पैसे चोरतो, असे तिच्यात दाखवले होते. ते खोटे होते, आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तेव्हाच तसे सांगितले. का खोटे, हे आता तुमचे तुम्हालाच सांगता येईल. पट्टीत पैसे नाहीत, फक्त क्रमांक आहे. तो क्रमांक कुणी वाचला तरी वजावट मागण्याचा अधिकार या व्यवस्थेत नोंदलेल्यांनाच असतो. दूध संस्थेत तुमचा सभासद क्रमांक शेजाऱ्याने ऐकला म्हणून सचिव त्याच्या हातावर पैसे ठेवतो काय?

पुढचे दिवस कसे येणार तेही सांगून ठेवतो. सुरतेजवळच्या चोर्यासी नाक्यावर फाटकच नसलेला टोल बसवण्याचा करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. गाडी थांबणार नाही, वरून पट्टी वाचली जाईल, कॅमेरा पाटी वाचील, आणि गाडी निघून जाईल. वेळ वाचेल, डिझेल वाचेल, भाजी कोमेजणार नाही. फायदा खराच आहे. पण ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असा खिडकीतला माणूस तिथे नसेल. चूक झाली तर ती आपल्याला फक्त मोबाईलच्या निरोपातूनच कळणार, आणि तो निरोप कुणी वाचलाच नाही तर ती कायमची गिळली जाणार.

म्हणून ताई, तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की तुम्ही निरोप वाचलात. पुष्कळ घरांत तो न वाचताच पुसला जातो. गाडी पुरुष चालवतात, पण घराची वही बहुधा तुम्ही चालवता. त्या वहीत एक पान टोलसाठी ठेवा. तारीख, गाडी कुठे गेली, किती नाके लागले, एवढे तीन रकाने. आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी म्हणा, निरोप आणि पान जुळवून पाहा. जमले तर ठीक. नाही जमले तर बँक आहे, १०३३ आहे, आणि तुमच्या हातात पुरावा आहे.

काचेवरची पट्टी आपले नाव सांगण्यापलीकडे काही जाणत नाही. त्या नावावर मांडलेला हिशेब खरा की खोटा, हे पाहणे तिचे काम नव्हे. ते आपल्यालाच केले पाहिजे.

तक्रारीचा निकाल लागला की अवश्य कळवा, इतरांना उपयोग होईल. पुढच्या आठवड्यात कोठीतल्या ज्वारीला कीड का लागते आणि लिंबाचा पाला कुठवर उपयोगी पडतो, ते पाहू.

बराय, राम राम.